एका वेळी एकच आकडा?

मागे आमच्या टीमने एका गोदामाचं सिम्युलेशन लिहिलं होतं. बेल्टचा वेग, स्कॅनिंगचा वेळ वगैरे सहा आकडे द्यायचे, वीस मिनिटांनी उत्तर: ट्रक सरासरी किती खोळंबतो. आम्ही सगळे करतात तेच केलं. पाच आकडे तसेच ठेवून एकच हलवायचा. बेल्ट पळवला, तर माल स्कॅनरपाशी तुंबला. फरक शून्य. स्कॅनर पळवला, तर बेल्टवरून मालच येईना. पुन्हा शून्य. 'नव्या बेल्टवर खर्च नको' असा रिपोर्ट क्लायंटला गेलासुद्धा! मग कुणीतरी सहज दोन्ही एकदम वाढवून बघितले आणि खोळंबा जवळजवळ निम्म्यावर. क्लायंटला फोन करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

यावर ठरलेला सल्ला: "सगळी कॉम्बिनेशन्स चालवा ना, सर्व्हर स्वस्त आहेत." करा हिशोब. सहा आकडे, प्रत्येकाच्या पाच किमती, म्हणजे १५,६२५ रन. एका मशीनवर २१७ दिवस! आणि एवढं करून बेल्टचे वेग तपासले किती? पाच.

शेतातल्या प्रयोगांसाठी फिशरने पुनरावृत्ती सांगितली, कारण प्रत्येक वाफ्याची माती वेगळी. आमचा प्रोग्रॅम मात्र तेच आकडे दिले की तेच उत्तर देतो. तोच रन पुन्हा करणं म्हणजे वीज जाळणं. म्हणून सगळी अक्कल लागते ती रन कुठे करायचे हे ठरवण्यात.

मॅके, बेकमन आणि कोनोव्हर यांनी १९७९ मध्येच 'लॅटिन हायपरक्यूब' सुचवलं. साठ रन करायचे? मग प्रत्येक आकड्याच्या रेंजचे साठ समान भाग पाडा, प्रत्येक भागातून एकेकच किंमत घ्या आणि कोणाबरोबर कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. झालं! साठ रनमध्ये बेल्टचे साठ वेगवेगळे वेग, आणि तेही दरवेळी वेगळ्या स्कॅनिंगबरोबर. वीस तासांचं काम. शनिवारी सकाळी लावा, रविवारी उठून बघा. या साठ उत्तरांवर मॉडेल बसवून मधल्या जागांचा अंदाज कसा बांधायचा, हे सॅक्स, वेल्च, मिचेल आणि विन यांनी १९८९ मध्ये लिहून ठेवलंय. बेल्ट-स्कॅनरची जोडी यातून लपणं अवघड होतं.

असो. एस्टिमेटमध्ये आपण कोडिंग लिहितो, टेस्टिंग लिहितो, मीटिंगासुद्धा लिहितो. 'कुठले रन करायचे ते ठरवणे: अर्धा दिवस' ही ओळ कुणीच लिहीत नाही. मी आता लिहितो. मॅनेजर भुवया उंचावतो, पण तो फोन करण्यापेक्षा हे परवडलं.