पडद्याचा न्याय

१९८० साली पश्चिम जर्मनीतील म्युनिक फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदात प्रमुख ट्रॉम्बोनवादकाची जागा भरावयाची होती. उमेदवारांपैकी एकजण तेथील वादकमंडळींच्या परिचयातील कुटुंबातला होता. वशिल्याचा संशय नको म्हणून सर्वांनी पडद्याआडून वाजवावे असे ठरले. एकूण तेहतीस उमेदवार होते. सोळाव्या उमेदवाराचे वादन संपताच निवड समितीने उरलेल्या सतरा जणांना परत पाठविले. हवा तो वादक सापडला होता. पडद्याआडून बाहेर आल्या त्या ॲबी कॉनंट या अमेरिकन बाई. परीक्षेचे बोलावणे त्यांना ‘श्रीयुत’ म्हणून गेले होते. ट्रॉम्बोन हे दमसासाचे, लष्करी बँडमध्ये वाजणारे पितळी वाद्य. ते पुरुषानेच वाजवावे, ही तेथील समजूत.

पुढच्या फेऱ्याही जिंकून बाई रुजू झाल्या. परंतु १९८२ मध्ये त्यांना दुय्यम वादकाच्या जागेवर उतरविण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या. आपल्या श्वासात पुरेसे बळ आहे हे दाखविण्यासाठी त्यांना फुफ्फुसांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागली. आधी दर्जा आणि मग वेतन यांसाठीचा हा झगडा १९९३ पर्यंत चालला आणि अखेर त्यांच्या बाजूने संपला. या सर्व काळात वादक तीच होती, वाद्य तेच होते. बदल एवढाच, की मधला पडदा दूर झाला होता.

ही गोष्ट एका वाद्यवृंदाच्या आडमुठेपणाची म्हणून सोडून देता येणार नाही. निर्णय देणारी माणसे अडाणी नव्हती. संगीतात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या कानांनी दिलेला निकाल त्यांच्या डोळ्यांनी फिरविला. ज्याला आपण जाणकाराची पारख म्हणतो, तिच्यात गुणाचा भाग किती आणि रूप, वेश, नाव यांचा किती, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

अमेरिकेतील वाद्यवृंदांनी या प्रश्नाला एक साधे उत्तर शोधले. बोस्टनच्या वाद्यवृंदाने १९५२ मध्ये उमेदवाराच्या परीक्षेत पडदा आणला. इतरांनी पुढे १९७० च्या सुमारास व नंतर तोच मार्ग धरला. चालण्याच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी सतरंजीही अंथरली जाई! तेथील पाच प्रमुख वाद्यवृंदांत १९७० मध्ये स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी होते. शतक संपण्याच्या सुमारास ते शेकडा पंचवीसपर्यंत गेले. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊझ या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वाढीचे बरेचसे श्रेय पडद्याला दिले. ते नेमके किती द्यावे यावर संख्याशास्त्राच्या जाणकारांत वाद आहे, हेही नमूद केले पाहिजे. तथापि दिशा निर्विवाद आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये स्त्रिया पंचेचाळीस आणि पुरुष चव्वेचाळीस असे चित्र प्रथमच दिसले.

आपण फसतो याहून चिंतेची बाब ही, की फसलो हे आपल्याला कळतही नाही. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीत स्पर्धांतील अंतिम फेरीच्या तीन तीन वादकांचे मुद्रण काहींना नुसते ऐकविले, काहींना आवाज बंद करून नुसते दाखविले आणि खरा विजेता ओळखण्यास सांगितले. संगीतात आवाजच महत्त्वाचा, असे बहुतेकांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात ज्यांनी एक सूरही ऐकला नाही, त्यांनीच विजेते अधिक अचूक ओळखले. व्यावसायिक संगीतकारही याला अपवाद ठरले नाहीत. याचा अर्थ असा, की मूळ स्पर्धांतील परीक्षकही, आपण ऐकत आहोत अशा समजुतीत, बरेचसे पाहतच होते.

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. बाह्य रूपाला भुलू नका, हा उपदेश तर संतांनी पिढ्यानुपिढ्या केला. पण उपदेशाने दृष्टी बदलत नाही, हेच वरील उदाहरणे सांगतात. पूर्वग्रह हा बहुधा दुष्टाव्यातून येत नाही. तो सवयीतून येतो, आणि सवयीला निश्चयापेक्षा व्यवस्था अधिक आवरते. सार्वजनिक परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिता क्रमांक लिहावयाचा, हा आपल्याकडचा पडदाच होय. परीक्षकांवर अविश्वास म्हणून तो आलेला नाही. माणूस म्हणून त्यांच्या मर्यादा ओळखल्यामुळे आला आहे.

परंतु हा पडदा फार थोड्या ठिकाणी आहे. आपल्याकडे आडनाव हाही एक चेहराच असतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठविण्यात आले होते. उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. मुस्लिम नावांच्या अर्जांना त्याहूनही कमी. अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःला जातीयवादी म्हणवून घेतील? बहुधा कोणीच नाही.

पडद्याने सर्व अन्याय दूर होतात असे मात्र समजू नये. पडद्यापर्यंत कोण पोहोचतो, हे पडदा ठरवीत नाही. ज्याच्या घरी वाद्य नव्हते, शिक्षक नव्हता, त्याचे वादन पडद्याआडूनही उणेच भासेल. अमेरिकेत २०२० मध्ये काही समीक्षकांनी पडदाच काढून टाका अशी मागणी केली, ती याच कारणाने: स्त्रिया आल्या, पण कृष्णवर्णीय वादक फारसे आले नाहीत. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु तिचा उपाय उमेदवार घडविणाऱ्या शाळेत आणि शिष्यवृत्तीत शोधावा लागेल. संधीची विषमता डोळे उघडे ठेवून दूर करावयाची असते आणि गुणांची परीक्षा डोळे झाकून घ्यावयाची असते. ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत.

यासाठी मोठ्या आयोगाची गरज नाही. वर्गातील चाचणीचे पेपर तपासताना शिक्षकांना नावाचे पान दुमडून ठेवता येईल. एकाची संपूर्ण उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सर्वांचे पहिले उत्तर आधी, मग दुसरे, असे केले तर एका उत्तराची छाप पुढच्या उत्तरावर पडणार नाही. कचेरीत अर्जांची छाननी करताना नाव आणि छायाचित्र वेगळ्या कागदावर घेऊन पहिली यादी त्यांच्याविना करता येईल. आणि यादी तयार झाल्यावर नावे उघडताना कोणाला आश्चर्य वाटलेच, तर त्याने यादी बदलू नये. म्युनिकच्या वाद्यवृंदाने नेमकी तीच चूक केली होती. त्या आश्चर्याच्या क्षणी खरी परीक्षा उमेदवाराची नसते, परीक्षकाची असते.