आपला हकलबरी गप्प का?

अमेरिकन कादंबरीचा विषय निघाला की आपल्याकडे वादांची यादी सुरू होते. हॉथॉर्न-मेल्व्हिलचा स्वच्छंदतावाद, मार्क ट्वेनचा वास्तववाद, ड्रायझरचा निसर्गवाद, मग हेमिंग्वे-फॉकनरची आधुनिकता. परीक्षेपुरती ही यादी ठीकच आहे. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात राहून ही पुस्तके वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवते. वाद कोणताही असो, मुलखातल्या साध्या माणसाला त्याच्याच बोलीत बोलू दिले, तेव्हा त्या कादंबरीने खरी झेप घेतली.

'हकलबरी फिन' अमेरिकेत १८८५ साली प्रसिद्ध झाली. मिसिसिपीवरून तराफ्यावर निघालेला एक उनाड पोरगा आणि पळून आलेला गुलाम जिम यांची ही गोष्ट. सांगतो तो पोरगाच, आपल्या गावरान बोलीत. कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने त्याच वर्षी हे पुस्तक असभ्य ठरवून बाहेर काढले. पुढे हेमिंग्वेने मात्र साऱ्या आधुनिक अमेरिकन साहित्याचा उगम याच पुस्तकात मानला. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली 'कोसला'त खानदेशी पोराला असाच मोकळा आवाज दिला, तेव्हा मराठी कादंबरीचीही वाट बदलली.

आता स्टाइनबेकची १९३९ सालची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' घ्या. दुष्काळाने आणि कर्जाने ओक्लाहोमातून उठवलेले जोड कुटुंब जुन्या गाडीत संसार भरून कॅलिफोर्नियाच्या फळबागांकडे निघते. तिथे काम थोडे आणि हात फार, म्हणून मजुरी घसरतच जाते. हे वाचताना आपल्या सातपुड्यातली माणसे कशी आठवणार नाहीत? मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवरा-बायको पोराबाळांसह गुजरातेतल्या उसाच्या फडांवर जातात. तिकडे नर्मदाकाठी मणिबेलीची शेते सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. कादंबरीला आणखी काय हवे?

हवा तो सांगणारा. स्टाइनबेक १९३६ साली मजुरांच्या छावण्यांतून हिंडला, वर्तमानपत्रात लिहिले, मग कादंबरीला बसला. आपल्याकडे शहाद्याच्या श्रमिक चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांनी भिल्लांचे जगणे कवितेत आणले. पण फडावर वाढलेल्या पोराने स्वतः सांगितलेली मोठी कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही.

याचे कारण मला पहिलीच्या वर्गात दिसते. भिलीत, पावरीत किंवा अहिराणीत तोंड उघडणाऱ्या मुलाला आपण 'शुद्ध बोल' म्हणून गप्प करतो. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे, यात शंका नाही. पण घरची बोली पुसून ती शिकवायची काय गरज? आठवड्यातून एक पान त्याला त्याच्या बोलीत लिहू द्या. गुरुजींनी त्यावर लाल शाई चालवू नये आणि घरच्यांनी ते मोठ्याने वाचून घ्यावे. त्यातल्याच एखाद्या पानावर आपला हकलबरी बोलू लागेल.