ॲडमिन म्हणजे नक्की कोण?

कॉन्व्हेंटच्या मुलीने मराठी विभागात लिहायचं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच, तेवढं सांभाळून घ्या मित्रांनो. पण हे लिहायलाच हवं होतं.

मागच्या सेमला आमच्या विंगमधल्या एका मुलीची भरलेली मेस फी कॉम्प्युटरवर अचानक 'बाकी' दिसू लागली. त्या सॉफ्टवेअरला लॉगिन पाच जणांचे. डेटाबेसमध्ये मात्र प्रत्येक बदलापुढे एकच नाव, 'ॲडमिन'. आठवडाभर बोलणी खाल्ली ती ऑफिसातल्या काकांनी. का, तर त्यांची खुर्ची कॉम्प्युटरच्या सगळ्यात जवळ!

कारण साधं आहे. दरवेळी नवीन कनेक्शन उघडायला वेळ आणि मेमरी लागते. म्हणून ॲप्लिकेशन काही कनेक्शन्स एकाच युजरच्या नावाने उघडून ठेवतं आणि सगळ्यांसाठी आलटून-पालटून वापरतं. यालाच कनेक्शन पूल म्हणतात. व्हायव्हाला याचे फायदे विचारतात, तोटा कुणी विचारत नाही.

मी ओझरची. १९६४ साली आमच्याकडे मिग विमानांसाठी एचएएलचा कारखाना आला, पुढे सुखोई आली. पप्पा सांगतात, विमानाच्या कामात बोल्ट कोणी आवळला आणि कोणी तपासला, दोघांच्या सह्या लागतात. 'शॉपने आवळला' असं लिहून चालत नाही. मग आपल्या डेटाबेसला 'ॲडमिनने बदललं' कसं चालतं?

आणि उपाय काही महाग नाही हो. ऑरॅकलमध्ये 'क्लायंट आयडेंटिफायर' नावाची सोय कितीतरी वर्षं आहे. पूलमधून कनेक्शन घेतलं की आधी खऱ्या माणसाचा आयडी तिथे ठेवायचा, ऑडिटच्या नोंदीत तो उमटतो. परत करताना तो पुसायचा मात्र आठवणीने, नाहीतर माझ्या नावावर पुढच्याचं पाप! त्यापेक्षा 'ॲडमिन' बरा. पोस्टग्रेसमध्ये 'सेट लोकल' वापरलं तर ट्रान्झॅक्शन संपताच ते आपोआप जातं.

रूममेट म्हणाली, ॲप्लिकेशनचा लॉग आहे की! पण कोणी ॲप्लिकेशनला वळसा घालून थेट टेबलमध्येच हात घातला तर? अर्थात ॲप्लिकेशन जे नाव सांगेल तेच डेटाबेस मानतो, आणि पाच जणांनी एकच पासवर्ड वाटून घेतला असेल तर माझं हे सगळं शहाणपण वाया.

कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं सक्तीचं आहे. मेसच्या वहीला कोण विचारतो?

त्या मुलीची फी शेवटी परत 'भरली' झाली. कोणी केली? नोंदीत लिहिलंय, ॲडमिन. काकांना अजून कोणी सॉरी म्हटलेलं नाही.