भिंतीवरची नावे

देऊळ पाहावे, गड पाहावा, एवढीच आम्हां शाहूवाडीकरांची सवय. तरीही मध्यंतरी मुंबईस जाण्याचा योग आला तेव्हा मुलीला घेऊन कुलाब्याचे अफगाण चर्च मुद्दाम पाहून आलो. त्याचे खरे नाव सेंट जॉन. पण लोकांनी त्याला युद्धाचेच नाव देऊन टाकले आहे.

इंग्लंडात तेराव्या शतकात गावोगावची चर्चे ज्या धाटणीने बांधली, तीच धाटणी येथे उचलली आहे. पाया १८४७ साली घातला, १८५८ साली उपासना सुरू झाली आणि उंच शिखर पुरे व्हायला १८६५ साल उजाडले. आराखडा हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरचा. विहार तलावाचे पाणी मुंबईला आणण्याची योजनाही त्याचीच! दगड आपल्या मुलखातला. फरशी नि रंगीत काचा मात्र विलायतेच्या.

आत पाऊल टाकले की टोकदार कमानी नजरेला अलगद वर नेतात. लांबट सभामंडप, पूर्वेच्या टोकाला गाभारा. हे शब्द आपल्या देवळांचे खरे, पण मनात तेच येतात. त्या गाभाऱ्याच्या भिंतींवर पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे आहेत.

"बाबा, आणि शिपायांची?" मुलीने विचारले.

शिलालेखात त्याचेही उत्तर आहे. शिपाई इतके मेले, की सर्वांची नावे लिहिणे शक्य झाले नाही! कोणी तलवारीने गेले, कोणी रोगराईने. चर्च त्यांच्याही स्मरणार्थ आहे. नावे तेवढी नाहीत.

मला एकदम आमचा विशाळगड आठवला. चर्चचा पाया घातला त्याच्या तीनच वर्षे आधी, १८४४ साली, कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी बंड केले. ते मोडल्यावर इंग्रजांनी विशाळगडाचे तट पाडले आणि जहागिरीचे ठाणे खाली मलकापुरास आले. गडावर बाजीप्रभूंची समाधी आहे, तिथे आपण हात जोडतो. पण त्या बंडातल्या साध्या गडकऱ्यांसाठी हात जोडायचे ते कुठे?

परतताना मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "सुट्टीत विशाळगडावर जाऊ या."

या दिवाळीत जाणार आहोत. पाडलेल्या तटापाशी एक पणती लावावी, असा तिचा हट्ट आहे. कोणाच्या नावाने, ते मी विचारले नाही.