रिपोर्ट म्हणजे तकदीर नव्हे

अमरावतीहून मी अकोल्याला पोहोचलो, तेव्हा मामूंच्या गळ्यात काविळीची माळ होती. तीन आठवडे त्यातच गेले. पुढे पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला. रिपोर्टमध्ये गुणसूत्रांतला बिघाड आला, तशा मुमानी म्हणाल्या, "बेटा, तकदीरच लिहून आली. आता कशाला दवाखाना?"

मला हे पटत नाही. निरोगी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. पित्तनलिकेतून काढलेल्या पेशींत त्यांच्या जादा प्रती दिसल्या, तर कॅन्सरचा संशय बळावतो, रुग्ण किती जगेल याचा अंदाजही बांधतात. पण तो अंदाज अनेक रुग्णांवरून काढलेला असतो. मामूंची तारीख त्यात लिहिलेली नसते. शिवाय काही बिघाड औषधाची वाट दाखवतात. एफजीएफआर-२ हे जनुक दुसऱ्या जनुकाला चुकीचं जोडलं गेलं असेल, तर पेमिगॅटिनिब देता येतं. अमेरिकेत ते २०२० मध्ये मंजूर झालं.

तवक्कल म्हणजे इलाज सोडणं नव्हे. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, अंगाला खाज, असं दिसलं तर माळेच्या भरवशावर राहू नका. त्याच आठवड्यात रक्त तपासा, सोनोग्राफी करा. दुआ सोबत चालू द्या.