नाणे मोडावे लागते तेव्हा

गेल्या महिन्यात अकोल्याहून पुतण्याचा फोन आला. “काकाजी, आईच्या अठाईच्या पारण्याला प्रभावना म्हणून चांदीची नाणी द्यायची आहेत. सराफ्यात जातोच आहे, तर थोडी सोन्याचीही घेऊन ठेवू का? हंगामाचा पैसा हाताशी आहे.”

प्रश्न साधा होता. पण त्यात दोन निराळे व्यवहार एकत्र झाले होते. प्रभावनेचे नाणे देण्यासाठी असते. देणाऱ्याला ते पुन्हा मोडावयाचे नसते. म्हणून त्यावर चित्र असावे, सुबक डबी असावी, मागील बाजूस कुटुंबाचे नाव कोरावे, यात वावगे काही नाही. साठवणीचे नाणे मात्र कधीतरी विकण्यासाठीच घेतलेले असते. तेथे चित्र, डबी आणि कोरीव नाव यांवर खर्च झालेला पैसा विक्रीच्या दिवशी परत येत नाही.

आकडे मांडून पाहू. समजा, नाण्यातील सोन्याची त्या दिवशीच्या भावाने किंमत ₹१,००० आहे. विक्रेत्याने घडणावळ, वेष्टन आणि नफा म्हणून १० टक्के अधिक लावले, तर झाले ₹१,१००. त्यावर ३ टक्के जीएसटी ₹३३. आपल्या खिशातून गेले ₹१,१३३. विकताना सराफाने भावात २ टक्के कापले, तर हाती ₹९८०. म्हणजे घातलेले पैसे नुसते परत मिळण्यासाठीसुद्धा सोन्याचा भाव सुमारे साडेपंधरा टक्के वाढला पाहिजे. हीच वरची रक्कम १० ऐवजी २ टक्के असेल, तर सव्वासात टक्क्यांच्या आसपास वाढ पुरते. जीएसटी कोणालाच चुकत नाही. फरक पडतो तो घडणावळीत, आणि ती ग्रॅममागे सर्वांत अधिक असते लहान नाण्यांवर. १ ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा १० ग्रॅमचे एक घेणे स्वस्त पडते. मोडताना सोयीचे म्हणून मी स्वतः ५ व १० ग्रॅमच्या पलीकडे जात नाही.

आता थोडे माझ्याविषयी, कारण सल्ला देण्याचा अधिकार मला कसा मिळाला हे वाचकांना कळलेले बरे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी बँकेच्या शाखेतून नाणी विकली आहेत. धनत्रयोदशीच्या आठवड्यात वेगळे टेबल मांडले जाई. वरून उद्दिष्ट ठरवून आलेले असे. सरकीचा व्यापार करणारे एक जुने खातेदार दरवर्षी केवळ माझ्या शब्दाखातर नाणी घेत. एके वर्षी जिनिंगकडून त्यांचे येणे थकले आणि ते सगळ्या डब्या घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. “साहेब, तुमचीच आहेत, परत घ्या.” बँकेला विकलेले नाणे पुन्हा विकत घेण्याची मुभा नाही, हे मला ठाऊक होते. विकताना ते मी तोंडाने सांगितले नव्हते. अर्जावर बारीक अक्षरांत छापलेले होते. पण ओळखीच्या माणसाने दिलेला अर्ज कोण वाचतो? नाण्यांवर तारणकर्ज सुचवून पाहिले. त्यालाही माणशी ५० ग्रॅमची मर्यादा, आणि त्यांना जुने देणे फेडावयाचे होते, नवे करावयाचे नव्हते. शेवटी त्यांनी ती सराफ्यात मोडली. मला ते एक शब्दही बोलले नाहीत. पुढल्या धनत्रयोदशीला ते शाखेत आले नाहीत, आणि फोन करण्याचे धैर्य मलाही झाले नाही.

म्हणून पुतण्याला मी पहिला प्रश्न विचारला, “परत कोण घेईल?” ज्या सराफाकडून घ्यावयाचे, त्याच्याकडूनच आजचा विक्रीचा आणि खरेदीचा, असे दोन्ही भाव विचारावेत. दुसरा भाव सांगताना जो घुटमळतो, त्याच्याकडून पहिल्या भावाने घेऊ नये. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने एका बाजूस अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी असलेले ५ व १० ग्रॅमचे भारतीय सुवर्णनाणे आणले, तेव्हा परत खरेदीची सोय मुद्दाम जाहीर करावी लागली, ती याच अडचणीमुळे.

शुद्धतेविषयी थोडक्यात. २४ कॅरेटच्या नाण्यावर ९९९ किंवा ९९५ हा आकडा असतो. ९१६ असेल तर ते २२ कॅरेट, आणि भावही त्याच हिशेबाने द्यावा. एचयूआयडी क्रमांकाची सक्ती आली ती दागिन्यांसाठी. नाण्यावर हॉलमार्क असेलच असे गृहीत धरू नये, पाहून घ्यावा. मोहोरबंद वेष्टन कौतुकाने उघडून पाहू नये. उघडले की टंच काढण्यापासून सुरुवात होते. पक्के बिल वेष्टनाबरोबरच ठेवावे. २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, आणि खरेदीची किंमत दाखविण्यास बिलावाचून दुसरा आधार नसतो.

चांदीत फसगत अधिक होते, कारण तेथे नाणे वजनावर न विकता नगावर विकले जाते. आपल्या शेजारच्या खामगावला चांदीसाठी रजतनगरी म्हणतात. तेथील जुन्या गिऱ्हाइकाला वजन आणि टंच विचारण्याची सवय असते, आपण मात्र डबीचे झाकण उघडून खूश होतो. प्रभावनेच्या नाण्यांचेसुद्धा वजन विचारावे; वीस ग्रॅमच्या दिमाखाची डबी आणि आत पाच ग्रॅमचे नाणे, हा प्रकार मी पाहिला आहे. चांदी मोठ्या प्रमाणात साठवावयाची असेल, तर नाण्यांपेक्षा लगड परवडते.

जुने कलदार रुपये कोणी ‘शुद्ध चांदी’ म्हणून दाखविले, तर आधी साल वाचावे. राणी छाप रुपया म्हणजे जुना एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आजच्या सराफ्यातला १० ग्रॅमचा तोळा नव्हे. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. युद्धकाळात, १९४० पासून, हे प्रमाण निम्म्यावर आले, आणि १९४७ च्या रुपयात तर चांदीच नाही, ते निकेलचे आहेत. राणी छापाच्या हुबेहूब नव्या नकलाही बाजारात फिरतात. त्यांना वजनकाटा आणि टंच हाच उपाय.

हे ऐकून पुतण्याने घरी आजीचा पितळी डबा काढला. अकरा रुपये निघाले. आठ राणी व पंचम जॉर्ज यांचे, तीन १९४४ सालचे. सोन्याची त्याने १० ग्रॅमची दोन नाणी घेतली, दोन्ही भाव लिहून आणून मला दाखविले. अकरा रुपये पुन्हा डब्यात गेले. “आजी वहीपूजनाला सगळे एकाच ताटात मांडायची,” तो म्हणाला.