दारिद्र्याची आरती पुरे!

आपल्या समाजाला एक फार सोयीची सवय जडली आहे. गरिबाघरच्या एखाद्या पोराने मैदानावर नाव काढले, की आपण आधी त्याच्या घराची कौले मोजू लागतो. घर केवढे लहान, भांडी किती थोडी, बापाची मिळकत काय, आईने किती रात्री अर्धपोटी काढल्या, याची साग्रसंगीत यादी होते. ती वाचून आपले डोळे पाणावतात आणि आपण सुस्कारा टाकून म्हणतो, "पाहा, गरिबीतूनच माणूस घडतो!" दिवाळीच्या फराळाबरोबर अशी कहाणी तोंडी लावायला बरी लागते. पण वाचकहो, सणासुदीला कडू बोलतो म्हणून रागावू नका. हे वाक्य साफ खोटे आहे, आणि ते आपल्या मुलांच्या मुळावर आलेले आहे.

ज्याच्या नावावर ही कहाणी वारंवार सांगितली जाते, त्या धनराज पिल्लेचेच उदाहरण घेऊ. धनराज १६ जुलै १९६८ रोजी पुण्याच्या खडकीत जन्मला. घराणे मूळचे तामिळ. वडील नागलिंगम, आई अंडालम्मा, आणि पाच भावांतला हा चौथा. वडील दारुगोळ्याच्या कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत, आणि कुटुंब कारखान्याच्याच वसाहतीत राही. नवी स्टिक कुठली मिळायला? इतरांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका आणि जुने चेंडू घेऊन ही भावंडे चिखलात खेळत. इथवरची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. मोडकी स्टिक आपण जन्मभर विसरत नाही. तिच्या पायाखालचे मैदान मात्र आपल्या ध्यानातच येत नाही!

जरा नीट पाहा. बाप मैदान राखणारा, म्हणून मैदान या पोरांना घरच्या अंगणासारखे होते. आई पोरांना खेळू देणारी होती, "पुस्तक घे नाहीतर कामाला लाग" असे म्हणणारी नव्हती. थोरला भाऊ रमेश स्वतः भारतातर्फे खेळलेला, आणि मुंबईत राष्ट्रीय केमिकल्सच्या संघात होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास धनराज त्याच्याकडे गेला, तेव्हा शिकवायला घरचाच माणूस होता. पुढे महिंद्र कंपनीच्या संघात जोकिम कार्व्हालोसारखा ऑलिंपिक खेळलेला शिक्षक लाभला. मग १९८९ पासून २००४ पर्यंत हा गडी भारतासाठी धावला: चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. आता सांगा, यात गरिबीने काय दिले? मैदान कारखान्याने दिले, मुभा आईने दिली, विद्या भावाने दिली, आधार कंपनीने दिला. गरिबीने दिली ती फक्त मोडकी स्टिक!

उपाशी राहून खेळाडू होत असते, तर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीने आजवर देशाला संघच्या संघ दिले असते. मी चिमूरचा शाळामास्तर आहे. पहाटे अंधारात उठून मोहफुले वेचणारी, बांधीच्या चिखलात दिवसभर रोवणी करणारी, कोसभर चालत शाळेत येणारी पोरे मी रोज पाहतो. त्यांच्या पिंढऱ्यांत जोर आहे, दम आहे, डोळ्यांत इर्षा आहे. दारिद्र्य तर इतके आहे की खडकीला उसने द्यावे! तरी हॉकीची स्टिक ज्याने हातात धरली आहे असे पोर माझ्या वर्गात औषधालाही सापडायचे नाही. आमच्या भद्रावतीलाही दारुगोळ्याचा कारखाना आहे. पण कारखान्याची वसाहत ज्याच्या नशिबी नाही, त्या रानातल्या पोराचे मैदान कोणते?

कोणी म्हणतील, "अहो, पण जिद्द?" जिद्द हवीच. परंतु जिद्द पोराने आणायची असते आणि मैदान गावाने द्यायचे असते. आपल्या वाट्याचे काम टाळायचे आणि पोराच्या वाट्याच्या कामाचे पोवाडे गायचे, ही कुठली रीत?

मुंबईच्या युवराज वाल्मीकीची गोष्ट याहून बोलकी आहे. बाप मोटारचालक, घर मरीन लाइन्सला. पोरगा २०११ साली आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवणाऱ्या संघात चमकला, आणि मग बोभाटा झाला की या घरात इतकी वर्षे वीजच नाही! झगमगत्या मुंबईच्या ऐन मध्यावर! मग दिवा लागला. म्हणजे पोराने आधी पाकिस्तानला हरवावे, तेव्हा त्याच्या आईच्या चुलीपाशी उजेड पडावा. जे पोर अंतिम सामन्यापर्यंत पोचले नाही, त्याच्या घरच्या अंधाराचे काय? त्या युवराजलाही मेर्झबान पटेल यांच्यासारखा, गरिबांची पोरे हाताशी धरून शिकवणारा गुरू भेटला होता. दारिद्र्याची आरती ओवाळताना त्या गुरूच्या नावाची ओळही आपण गाळतो.

आणि आपले हे गरिबीवरचे प्रेम किती खरे, तेही पाहा. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने तब्बल ३२ वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक आणले. त्यापाठोपाठ धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. कारण सांगितले गेले ते विश्रांतीचे! खेळाडूंना मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्याबद्दल तो उघड बोलला होता, त्याचे हे फळ, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मोडक्या स्टिकेचा पोरगा डोळ्यांत पाणी आणतो. तोच मोठा होऊन मेहनताना मागू लागला की उद्धट ठरतो. आपल्याला गरिबी आवडते, पण मुकी.

काळही आता गरिबाच्या बाजूचा नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. तिला कोट्यवधी रुपये लागतात, वर पाणीही पाजावे लागते. चिखलातून थेट ऑलिंपिकला जाण्याची वाट तेव्हाच अरुंद झाली. तरी ती बंद झालेली नाही. साताऱ्याकडची शेतकऱ्याची लेक वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होती. मुलीला घराने जाऊ दिले आणि कोणी शिकवले, म्हणून ती तिथे पोचली.

"खेळून पोट भरते का जी, गुरुजी?" असे आमच्याकडचे पालक विचारतात. त्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या हातावर पोट आहे, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर देणे हे समाजाचे काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान हवे असे सांगितले आहे. पण मैदान म्हणजे शाळेमागची काटेरी झुडपांची जागा नव्हे. मी झाडीपट्टीचा माणूस, भाऊबीजेनंतरच्या मंडईला आणि रातभरच्या नाटकाला मैदान देऊ नका असे म्हणणार नाही. परंतु नाटकाला, लग्नाच्या मांडवाला, पुढाऱ्याच्या सभेला जे मैदान मिळते, त्याला पोरे खेळायला आली की कुलूप का? आणि परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचाच का?

धनराजच्या चरित्राचे नाव आहे 'फरगिव्ह मी अम्मा'. एका पोराने आईची क्षमा मागितली आहे. खरे म्हणजे क्षमा मागायची ती आपण, असल्या हजारो आयांची. ते जमत नसेल, तर निदान शाल-श्रीफळाचे पुढचे सत्कार जरा थांबवा. त्या पैशांत वीस स्टिका घ्या, दोन चेंडू घ्या, आणि गावातल्या मैदानाचे कुलूप काढा. पोरे यायला अर्धा तासही लागायचा नाही.